तारीख पुढं गेली, बॅग खाटेखाली

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना लोक बरंच सांगतात. काय खायचं, किती चालायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं. ज्यांचं व्हायचंय त्यांनाही धीर देणारे रग्गड. पण ज्याचं आज होणार होतं आणि झालं नाही, त्याला काय सांगायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. माझं तीन वेळा झालं नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

मी मुळशीतल्या माले गावची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर आणि लेकाच्या पुस्तकांवर झालं. त्यामुळं मी बोलते तसंच लिहिते, आणि बोलते जरा जास्त. आमचे हे कमी बोलतात. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलून टाकते, असं घरात म्हणतात. असू द्या.

लवकर

सुरुवात दमापासून झाली. खाचरावर न्याहारी घेऊन जाताना मी आधी कुठं थांबत नसे. मग आंब्यापाशी थांबायला लागले, मग आंब्याच्या अलीकडंही. वय झालं म्हटलं. माझी सून अश्विनी लातूरकडची, शिकलेली, नजर तिची बारीक. एकदा मी ओट्याच्या तीन पायऱ्या चढून टेकले, तर ती हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, "आई, तुमचे ओठ निळे दिसतायत." मी म्हटलं, जांभळं खाल्ली असतील. शिमगा नुकताच झालेला, जांभळं कुठली त्या दिवसांत? पण माणूस काहीही बोलतं.

पौडच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं. पुण्यात मोठ्या दवाखान्यात छातीला गार मलम लावून मशीन फिरवलं. डॉक्टर चांगला होता, तरुण. म्हणाला, आजी, काळजाची एक झडप आकसलीय. रक्त पुढं जायला जागा नाही. मी म्हटलं, म्हणजे खाचराच्या मोरीत गवत अडकलं की पाणी तुंबतं तसं? तो हसला, म्हणाला, अगदी तसं. पण हे गवत हातानं निघायचं नाही, छाती उघडून झडप बदलावी लागेल. माझ्या लेकानं, संतोषनं, विचारलं किती दिवसांत करायला हवं. डॉक्टर म्हणाला, "लवकर."

हा एक शब्द मी पुढं पाच महिने उशाला घेऊन झोपले.

घरी येईस्तोवर गाडीत कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, त्यावरून समजा. घरी आल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हशीचं कोन बघंल?" मला असा राग आला! माझी छाती फाडणार आणि ह्यांना म्हशीची पडलीय. पुष्कळ दिवसांनी कळलं, की तू नसलीस तर माझं कसं, हे ह्यांना तसंच विचारता येत होतं.

निरोप घेऊन झाल्यावर

आमच्याकडं कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की आदल्या दिवशी सगळं गाव भेटून जातं. नारळ, बिस्किटचे पुडे, शहाळी. आजाऱ्याला बघायला जायचं म्हणून नव्हे. आजारी माणूस परत आला नाही तर आपली भेट राहून गेली असं होऊ नये, म्हणून. तोंडानं कुणी तसं म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्या तारखेच्या आधी माझ्याकडं ओटाभर माणसं झाली. बायका रडल्या. मीही सगळ्यांना मोठ्या मनानं भेटले. अश्विनीला बियाण्याच्या कणगीची, दागिन्यांच्या डब्याची सगळी माहिती दिली. माझी थोरली जाऊ हौसाबाई, तिनं माझं तांब्याचं घंगाळ एका लग्नाला म्हणून नेलं होतं ते बारा वर्षं दिलं नव्हतं. त्यावरून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. तिचा हात धरून मी म्हटलं, "ते घंगाळ ऱ्हाऊ दे तुलाच. माझ्या मनात काय न्हाई." ती हुंदके देऊन रडली.

बॅग अश्विनीनं भरली. दोन चांगल्या नऊवारी, टॉवेल, माझी सपात, तेलाची बाटली, फायली. त्यात मी गुपचूप भाताच्या रोपासाठी राब भाजलेल्या वाफ्यातली चिमूटभर माती पुडीत बांधून घातली. का, ते विचारू नका.

दवाखान्यात दोन दिवस आधी घेतात. औषधी साबणानं आंघोळ, अंगावर हिरवा झगा, मंगळसूत्र काढून संतोषच्या रुमालात. रात्रीपासून पाणीसुद्धा नाही. सकाळी ढकलगाडीवर घालून मला ऑपरेशनच्या दारापर्यंत नेलं. वर छताला दिवे पळत होते ते मी मोजत होते. दारापाशी गाडी थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग कुणीतरी धावत आलं, आतल्या माणसाशी बोललं, आणि माझी गाडी फिरवली. एका तरुण पोराला अपघातात छातीला मार लागून आणला होता, त्याला आधी घ्यायचं होतं. बरोबरच होतं ते.

खरं सांगते, मला पहिल्यांदा काय वाटलं? सुटले असं वाटलं. आईनं मारायला हात उचलावा आणि दारात पाहुणे यावेत, तसं. वॉर्डात आल्यावर मी दोन प्लेट पोहे खाल्ले. शेजारच्या खाटेवर नांदे गावच्या सुमनताई होत्या, त्यांचीही झडपच. त्या म्हणाल्या, आजी, भूक लागली म्हणजे जीव शाबूत हाय. आम्ही दोघी हसलो.

त्रास घरी आल्यावर सुरू झाला. निरोप घेऊन झालेला माणूस परत आला की करायचं काय त्याचं? पाण्याच्या टाकीपाशी बायका विचारत, झालं का? मी म्हणे, न्हाई, तारीख पुढं गेली. मग त्या हंडे उचलून चालू लागत. आणि हौसाबाईच्या अंगणातून जाताना माझं घंगाळ दिसायचं, उन्हात पालथं घातलेलं, चिंचेनं लख्ख घासलेलं. माझ्या मनात काय न्हाई म्हणाले होते ना मी? सगळं होतं. जागच्या जागी.

रिकामा बेड

दुसऱ्या तारखेला भेटायला सात-आठ माणसं आली. पुडे आले, शहाळी नाही.

ह्या वेळी ढकलगाडीसुद्धा आली नाही. सकाळपासून उपाशी, झगा घालून बसले होते. दुपारी सिस्टर आली, खाटेच्या कडेला टेकली. सिस्टर खाटेवर बसली की समजावं, बातमी चांगली नाही. म्हणाली, ऑपरेशननंतर जिथं ठेवतात तिथं बेड रिकामा नाही. एक पेशंट अजून सावरलेला नाही. बेड रिकामा झाला की लगेच घेऊ.

आता बेड दोन तऱ्हांनी रिकामा होतो, हे मला साठ वर्षांच्या बाईला सांगायला नको. मी बसल्याबसल्या त्या दुसऱ्या तऱ्हेचा विचार केला. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं, बाप्या की बाई तेही नाही. तरी मनात आलं, की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे त्याचं. आणि मग मी पांघरूण डोक्यावर घेतलं. आयुष्यात मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, असं मला आजवर वाटायचं. हौसाबाई सोडून.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. पण तुमच्याही मनात असलं काही आलं असेल तर तुम्ही राक्षस नाही, एवढं सांगायला इथं लिहितेय. वाट बघणं माणसाला असं करतं.

चार दिवस थांबून, बेड न मिळता घरी आलो.

ह्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. बॅग मी सोडून रिकामी केली नाही. खाटेखाली तशीच सरकवून ठेवली. कधीही फोन आला तर? अश्विनी म्हणायची, आई, कपडे काढून ठेवू का, वास लागेल. मी नको म्हणायची. बॅग सोडली म्हणजे तारीख येणारच नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. चांगल्या साड्या बॅगेत, तेल बॅगेत, सपात बॅगेत. मी घरात विरलेल्या साडीत आणि अनवाणी. स्वतःच्या घरात एस्टीच्या स्टँडवर बसल्यासारखी.

कुरडया घालायच्या होत्या, घातल्या नाहीत. मध्येच फोन आला तर? भाचीच्या साखरपुड्याला गेले नाही. अनोळखी नंबर वाजला की हातातलं टाकून फोन उचलायचा, आणि तो निघायचा प्लॉट विकत घेता का, विकता का विचारणारा. आमच्या रस्त्याला जमिनीचे दलाल फार. एकदा मी त्या माणसाला म्हटलं, बाबा, मला झडप घालून दे, मग प्लॉटचं बघू. त्यानं फोन ठेवला.

झोप गेली. बोलणंही गेलं, हे घरच्यांना जास्त टोचलं. लोक म्हणत, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. मी मनात म्हणे, देवाच्या मनातली तारीख तरी एकदा फोनवर सांगा. आणि हळूहळू लोकांचा चेहराही बदलला. आजारी माणूस बरा व्हावा नाहीतर जावा, दोन्हीची रीत असते. नुसतं थांबलेल्याची रीत नाही. एकीनं तर टाकीपाशी म्हटलंच, चालती-बोलती तर हाय की.

संतोष हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनला कामाला. दर खेपेला रजा काढायची, साहेबाला तेच कारण सांगायचं. साहेब म्हणाला होता म्हणे, तुझ्या आईचं ऑपरेशन किती वेळा होतं? संतोषनं हसत सांगितलं मला, पण ते हसू नव्हतं.

दही

तिसऱ्या तारखेला भेटायला कुणी आलं नाही. मीच सांगितलं नव्हतं, हेही खरं.

आवणीचे, भातलावणीचे दिवस. माणसं चिखलात, मजूर मिळेना, आणि ऐन त्यात आमची वरात पुण्याला. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही रोपाचं बघा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी या. संतोष माझ्याजवळ थांबला.

ऑपरेशनच्या सकाळी हे पहिल्या गाडीनं आले. पाय धुतले होते, पण नखात चिखल तसाच. संतोष तेव्हा रक्ताच्या बाटल्यांची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता. हे खाटेजवळ उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं, आणि पिशवीतनं स्टीलचा छोटा डबा काढला. म्हणाले, "दोन्ही येळंला आपन दही-साखर दिल्याबिगर निघालो. माझ्या ध्यानात आलं परवा. हात कर."

 ह्या माणसानं लग्नात घास भरवला त्यानंतर माझ्या हातावर काही ठेवल्याचं मला आठवत नाही. आणि आता म्हशीचं दूध काढून, स्वतः विरजण लावून, माल्याहून डबा सरळ धरून आणला होता. इतके दिवस मला वाटत होतं की वाट मी एकटी बघतेय. हे बोलत नाहीत म्हणून त्यांना काही होत नाही, असं मी धरून चालले होते. हा माणूस मनात उलटसुलट करून कारण शोधत होता, आणि ते त्याला सापडलं होतं.

मला ठाऊक होतं हो, की पाणीसुद्धा प्यायचं नाही. रात्री सिस्टरनं दोनदा बजावलं होतं. पण दही-साखर म्हणजे खाणं असं कुठं मनात येतं आपल्या? ते निघतानाचं असतं. तीर्थासारखं. मी हात केला. त्यांनी चमचाभर घातलं, वर आणखी थोडं. मी चाटलं. घट्ट, गोड, गार. ह्यांच्या तोंडावर चार महिन्यांत पहिल्यांदा सैलपणा दिसला.

अर्ध्या तासानं भूल देणारी डॉक्टरीण आली. फाईल बघत विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?

नाही म्हटलं असतं तर मला आत नेलं असतं. ढकलगाडी दारात उभी होती, ह्या वेळी बेडही रिकामा होता. नाही हा शब्द जिभेवर आला होता, दह्याच्या चवीबरोबर. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते डबा पुसत होते. त्यांना काहीच कल्पना नव्हती. मला वाटलं, मी खोटं बोलले आणि आत काही वाईटवंगाळ झालं, तर ह्या माणसाला कधी ना कधी कळेल, की ते त्याच्या चमच्यानं झालं.

मी म्हटलं, "ताई, दही-साखर घेतली. आत्ता. हातावरची."

डॉक्टरीण ओरडली नाही. पेन मिटलं. म्हणाली, भुलेत पोटातलं छातीत उतरलं तर जिवावर बेततं आजी, आज नाही करता येणार. पण सांगितलंत ते फार बरं केलंत. मग तिनं सिस्टरला विचारलं, दुसरं कोण उपाशी आहे? सुमनताई होत्या, त्यांचीही तारीख माझ्यासारखीच पुढं पुढं जात आली होती, आणि आज नंबर दुपारचा होता. माझ्या ढकलगाडीवर सुमनताई गेल्या. जाताना त्यांनी माझा हात दाबला. मला त्यांचा आनंद झाला नाही. नंतर झाला, पण त्या दिवशी नाही.

संतोष वर आला, त्याला कळलं, आणि तो वॉर्डाच्या मधोमध बापावर कडाडला. "बाबा, तुमाला कळत न्हाई का काय? मी आता रजा कुठनं आनू?" सगळ्या खाटा आमच्याकडं बघत होत्या. ह्यांनी डबा उचलला. कोपऱ्यातल्या नळावर गेले आणि तो डबा धूत राहिले. आधीच स्वच्छ असलेला डबा. वॉर्डातली मावशी शेवटी त्यांच्या हातातनं तो घेऊन म्हणाली, दादा, बास झालं, चहा घ्या.

पानातली जागा

पुढची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. घरात कुणी कुणाशी बोलेना. संतोषला आपण ओरडलो ह्याची लाज, आणि राग तर होताच. अश्विनी दोघांच्या मध्ये ताटं नेत होती.

आमच्या ह्यांचं जेवण दहीभाताशिवाय संपत नाही. लग्न झाल्यापासून बघतेय, पंगतीतही मागून घेतात. आठव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की शेवटचा भात ते कोरडाच गिळतायत. विरजणाचं भांडं फळीवर पालथं होतं. सगळं दूध डेअरीला जात होतं. आठ दिवस मी समोर बसून जेवत होते आणि मला दिसलं नव्हतं. आजारात माणूस स्वतःला सोडून काही बघत नाही, ते हे असं.

मी उठले, हौसाबाईच्या घरी गेले, वाटीभर दही मागितलं. तिनं विचारलं नाही कशाला. आणून ह्यांच्या भातावर घातलं. ते म्हणाले, "नको."

मी म्हटलं, "तुमी घातलं, मी चाटलं. माझ्या हाताला कुनी धरलं नव्हतं. निम्मं माझं हाय ते. एकट्यानं नेऊ नका."

त्यांनी ताट जवळ ओढलं. मग कालवलं. संतोष समोरच होता. तो उठून आत गेला, आणि येताना त्यांच्यासाठी मीठ घेऊन आला. आमच्याकडं माफी अशीच मागतात.

त्या दुपारी मी खाटेखालची बॅग ओढली आणि सोडली. साड्यांना खरंच वास लागला होता. उन्हात घातल्या. सपात पायात घातली. मातीची पुडी घरामागच्या परड्यात झटकली. दोन आठवडे तर दोन आठवडे, म्हटलं, तेवढे घरात राहू. त्या रात्री तीन-चार तास सलग झोप लागली. भीती गेली नव्हती. दम तर वाढलाच होता, आंघोळीलाही बसून घ्यायला लागायचं. पण स्टँडवरनं उठून घरात आल्यासारखं झालं.

चमचा

चौथ्या खेपेला हे आदल्या दिवशीपासून माझ्याजवळ थांबले. आवणी भावकीनं उरकली. सकाळी झगा घातला, केस वॉर्डातल्या मावशीनं विंचरून दोन वेण्या घातल्या. शाळेत चाललीस काय, म्हणाली. ढकलगाडी आली. तेवढ्यात ह्यांनी पिशवीतनं तोच डबा काढला.

सिस्टर लांबून ओरडली, "बाबा!"

ह्यांनी डबा उघडून तिला दाखवला. रिकामा होता. धुऊन पुसून कोरडा. मग त्यांनी त्यात चमचा फिरवला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "हात कर."

मी हात केला. त्यांनी रिकामा चमचा माझ्या तळहातावर टेकवला. गार लागला. मी तळहात तोंडाशी नेला. सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

छताचे दिवे मी ह्या वेळी मोजले नाहीत. गाडी दारापाशी थांबली नाही, सरळ आत गेली.

आता

शुद्धीवर येणं, नळ्या, खोकताना छातीला उशी धरणं, हे सगळं इतरांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. दुखतं. पण ते दुखणं पुढं सरकतं, रोज थोडं कमी होतं. वाट बघण्याचं दुखणं सरकत नाही. आता मी आंब्यापर्यंत न थांबता जाते. थकते अजून, लवकर थकते. सुमनताईंचा फोन येतो, त्याही बऱ्या आहेत. हौसाबाई घंगाळ परत द्यायला आली होती. मी म्हटलं, नको, दिलं ते दिलं. आता खरंच दिलंय.

गेल्या महिन्यात आमच्याच आळीतल्या एका बाईचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सगळे भेटायला गेले, मी गेले नाही. लोकांनी नावं ठेवली असतील. तिसऱ्या दिवशी कळलं की तारीख पुढं गेली, ती घरी आलीय. तेव्हा मी गेले. हातात काही नेलं नाही. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, अंगावर विटकी साडी, पाय उघडे. कसं झालं, कधीची मिळाली, काही विचारलं नाही मी. खाली बसले, खाटेखाली हात घातला, आणि तिची बॅग बाहेर ओढली.

ती म्हणाली, "असू द्या की काकू. कवा फोन येईल काय सांगावं."

मी चेन उघडली. म्हटलं, "येऊ दे. आला की मला हाक मार. मी येते परत भरायला."